अंगकाठी ओळखा, मग कापड फाडा: साडी, ब्लाउज आणि कुर्ता निवडताना

शरीराला फळांची नावं देऊन ‘तुम्ही हे घाला, ते घालू नका’ सांगणारे तक्ते हल्ली सगळीकडे दिसतात. त्यांचा आपल्याला उपयोग कमीच. एक तर ते फक्त आडवी मापं पाहतात, आणि दुसरं म्हणजे ते बहुतेक स्कर्ट, जीन्स आणि फ्रॉकसाठी बेतलेले असतात. ब्लाउजची बाही कुठे थांबवायची, साडीचा काठ किती रुंद घ्यायचा, कुर्त्याची चीर कुठून सुरू करायची, हे त्यात कुठेच नसतं.

एक गोष्ट लक्षात ठेवली तर बाकीचे नियम आपोआप सुचतात. कापड जिथे संपतं तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. गळ्याची कड, खांद्याची शिवण, बाहीचं टोक, कमरेची किंवा ब्लाउजच्या खालच्या पट्टीची रेषा आणि घेराची कड या त्या पाच जागा. रेषा शरीराच्या रुंद भागावर आली की तो भाग आणखी रुंद वाटतो. तीच दोन इंच वर किंवा खाली सरकवून अरुंद भागावर आणली की सगळी अंगकाठी बारीक वाटते. रंग, नक्षी आणि दागिने यांचा विचार त्यानंतर.

आधी टेप

कपड्यांच्या आत जे रोज घालता तेच घालून मापं घ्या. ब्रा बदलली की छातीची उंची एखाद्या इंचाने सहज वर-खाली होते आणि ब्लाउजचे टक्स (गोलाईसाठी घातलेल्या शिवलेल्या चिमट्या) चुकीच्या जागी येतात. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेला पण रुतलेला नाही, असा धरायचा. श्वास रोखून पोट आत घेतलं तर ते माप शिंप्याला देऊन काही उपयोग नाही.

आडवी मापं अशी: छाती, छातीखालचा घेर, कंबर, बेंबीखाली पोट सर्वांत पुढे येतं तिथला घेर, आणि सीट, म्हणजे नितंबांचा सर्वांत रुंद घेर. कंबर नेमकी कुठे ते कळत नसेल तर एका बाजूला वाका. जिथे घडी पडते तीच कंबर. पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर आणि दंडाचा घेरही मोजा. दंड कोपर वाकवून मोजायचा, कारण हात सरळ ठेवून मोजलेली बाही चहाचा कप उचलताना दंडात रुतते.

आता उभी मापं, जी बहुतेक जणी घेतच नाहीत. मानेजवळच्या खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत, त्याच खांद्यापासून कमरेपर्यंत आणि गुडघ्यापर्यंत. शिवाय कमरेपासून जमिनीपर्यंत. हे शेवटचं माप साधारण उंचीच्या ६२ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे पाच फूट दोन इंच उंचीला सुमारे साडेअडतीस इंच. त्याहून बरंच कमी आलं तर धड लांब आणि पाय आखूड, जास्त आलं तर उलट. कुर्त्याची लांबी आणि ब्लाउजची उंची यावरच ठरते.

आडव्या मापांचा अर्थ ढोबळमानाने असा लावा. सीट छातीपेक्षा तीन इंचांहून जास्त असेल तर खालचा भाग भरीव. छाती सीटपेक्षा तेवढीच जास्त असेल, किंवा खांदे सीटइतकेच रुंद दिसत असतील, तर वरचा भाग भरीव. पोटाचं माप छातीच्या बरोबरीचं असेल तर भर मध्यभागावर. कंबर छाती आणि सीट दोन्हींपेक्षा नऊ-दहा इंचांनी कमी असेल तर शरीर कमनीय, आणि हा फरक सहा इंचांच्या आत असून पोटही नसेल तर ते सरळ. खूप जणी दोन गटांच्या मध्ये बसतात आणि त्यात काही वावगं नाही. अशा वेळी ज्या भागामुळे कपडे नेहमी अडतात त्याचे नियम आधी पाळायचे.

सुरकुत्या काय सांगतात

कपडा शोभत नाही असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा तो मुळात नीट बसलेलाच नसतो. आरशासमोर उभं राहून सुरकुत्या पाहा. आडव्या, ताणलेल्या सुरकुत्या म्हणजे तिथे कपडा घट्ट आहे. उभ्या, लोंबणाऱ्या घड्या म्हणजे सैल आहे. तिरक्या सुरकुत्या बाणासारखं काम करतात आणि अडचणीच्या जागेकडे बोट दाखवतात. काखेतून छातीच्या टोकाकडे जाणारी तिरकी सुरकुती असेल तर टक्स कमी पडले आहेत. मानेजवळून काखेकडे उतरणारी घडी असेल तर खांद्याचा उतार शिंप्याने कमी धरला आहे.

तयार कपड्यात पहिल्यांदा खांदा पाहायचा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर हवी. ती अर्धा-पाऊण इंच खाली ओघळली तर दंड जाड दिसतो आणि बाई उगाच पोक काढल्यासारखी वाटते. कंबर किंवा बाजूची शिवण दाबून घेणं सोपं आणि स्वस्त काम असतं, खांदा मात्र बाही उसवल्याशिवाय दुरुस्त होत नाही. म्हणून खांदा नीट आणि सर्वांत मोठ्या मापाला पुरेसा असा कुर्ता घ्या आणि बाकीचा आत घ्या. मोठा कपडा लहान होतो. लहान मोठा होत नाही, कारण तयार कपड्यांच्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, जेमतेम अर्धा इंच असते. ‘एम’ आणि ‘एल’ या अक्षरांवर तर अजिबात विसंबू नका. प्रत्येक कंपनीचा ‘एम’ वेगळा असतो, तेव्हा लेबलपेक्षा कपडा पसरून छातीवर मोजलेले इंच खरे.

सुती किंवा रेयॉनच्या सरळ कुर्त्यात छातीच्या मापापेक्षा तीन-चार इंच जास्त हवेत आणि सीटला दोन-तीन. ब्लाउजमध्ये इंच-दीड इंच पुरतो. सीटला जागा कमी असली की कुर्त्याच्या दोन्ही चिरा तंबूच्या दारासारख्या उघड्या पडतात आणि मांडीची रुंदी नको तेवढी दाखवतात. लोकांना वाटतं चीर लांब झाली. खरं कारण सीट घट्ट आहे.

ब्लाउज: सगळा खेळ इथे

साडी कितीही महाग असो, ब्लाउज बिघडला की ती बसत नाही. म्हणून शिंप्याकडे नुसतं ‘नेहमीसारखं शिवा’ म्हणून पिशवी टाकून येऊ नका.

बाहीपासून सुरू करा. आखूड बाहीचं टोक छातीच्या सर्वांत भरीव रेषेच्या बरोबरीला आलं तर डोळा एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत एकच रुंद पट्टा पाहतो. छाती भरीव असेल तर बाही एक तर त्या रेषेच्या बरीच वर, चार-पाच इंचांची ठेवा, नाहीतर कोपरापर्यंत, दहा-अकरा इंचांची. मधली सात-आठ इंची बाही, जी शिंपी न विचारता शिवतात, तीच सर्वांत वाईट. दंड जाड असेल तरी कोपराची बाही बरी, पण तिची कड दंडाच्या मापापेक्षा इंचभर सैल हवी. उलट खांदे अरुंद आणि सीट भरीव असेल तर फुगा बाही, बोट नेक आणि बाहीवरचा रुंद काठ मनसोक्त वापरा. वर थोडी रुंदी आली की खालचा भाग तोलला जातो.

मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या गोलाईबद्दल, सर्रास एक गैरसमज आहे. हात वर होत नाही म्हणून बायका मुंढा खाली उतरवायला सांगतात आणि मग हात उचलला की सगळा ब्लाउज वर सरकतो. मुंढा काखेच्या जवळ, बोटभर खाली, आणि बाहीचा वरचा भाग थोडा रुंद ठेवला तर हात मोकळा फिरतो आणि ब्लाउज जागचा हलत नाही. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढताना हा फरक लगेच कळतो.

टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या अर्धा-पाऊण इंच अलीकडे संपलं पाहिजे. नेमकं टोकावर संपलं तर अणकुचीदार आकार येतो. मध्यम छातीला चार टक्सचा साधा ब्लाउज पुरतो. भरीव छातीला प्रिन्सेस कट किंवा कटोरी घ्या, कारण त्यात गोलाई शिवणीत वाटली जाते. कटोरीच्या शिवणी रेशमी, पातळ कापडावर वरून दिसतात, म्हणून तिथे प्रिन्सेस कट बरा. सपाट छातीला पुढे चुन्या, झालर किंवा जाड विणीचा खण खुलतो. गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला कमी असतो. छाती चाळीसच्या पुढे असेल तर कोपराच्या बाहीसाठी किती लागेल ते शिंप्याला आधी विचारून घ्या. साडीबरोबर येणाऱ्या ऐंशी सेंटिमीटरच्या ब्लाउजपीसचंही तेच. त्यात मोठ्या मापाची लांब बाही बसत नाही आणि मग बगलेत जोड येतो.

ब्लाउजची खालची पट्टी पुढून वर चढत असेल तर पुढची उंची कमी पडली आहे. भरीव छातीला पुढचा भाग पाठीपेक्षा इंचभर लांब लागतो, कारण माप छातीवरून वळसा घालून जातं. सपाट टेबलावर जुना ब्लाउज ठेवून मोजलं तर हा वळसा हिशोबात येत नाही.

ब्लाउजची उंची धडावर ठरवा. धड लांब असेल तर पंधरा-साडेपंधरा इंच उंची घ्या आणि साडी बेंबीच्या पातळीवर नेसा, म्हणजे पाय लांब दिसतात. धड आखूड असेल तर तेरा-साडेतेरा पुरे. साडी दीड-दोन इंच खाली नेसली की छाती आणि कंबर यांच्यात मोकळी जागा मिळते.

गळ्याचं गणित सोपं आहे. मान आखूड किंवा छाती भरीव असेल तर व्ही किंवा खोल यू, सहा-सात इंच. मान लांब आणि गळ्याची हाडं दिसत असतील तर बंद गळा, कॉलर, गोल गळा. पुढचा आणि मागचा गळा दोन्ही रुंद ठेवले तर खांदा घसरणारच. पाठीचा गळा नऊ-दहा इंच खोल हवा असेल तर पुढचा अरुंद ठेवा आणि पाठीवर वरच्या बाजूला दोरी लावून घ्या. नुसत्या दिखाऊ लटकनाने काम होत नाही, दोरी बांधता आली पाहिजे. खांदे उतरते असतील तर रुंद गळ्याचा नाद सोडलेला बरा.

साडी

इथे कापड किती फुगतं यावर अर्धी निवड होते. जॉर्जेट, क्रेप आणि शिफॉन अंगावरून ओघळतात, म्हणून सीट किंवा पोट भरीव असेल तर ती सोयीची. पण फार पातळ शिफॉन परकराची नाडीसुद्धा वरून दाखवतं. टसर, ऑर्गंझा, कोटा आणि खळीची सुती साडी अंगापासून दूर उभी राहते. सरळ, सडपातळ बांध्याला ती भरीवपणा देते, पोटावर मात्र तिचा फुगा होतो. सुती साडी आवडते पण फुगते, यावर उपाय आहे. एक-दोनदा धुऊन खळ काढा, निऱ्या वाफेच्या इस्त्रीने दाबून घ्या आणि मग नेसा. माहेश्वरी आणि चंदेरी या मधल्या. हलक्या, थोड्या ताठ, बहुतेक सगळ्यांना चालणाऱ्या.

काठ म्हणजे घेराच्या कडेवरची ठळक रेषा. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर खालचा काठ दोन-अडीच इंचांच्या आत ठेवा आणि साडीच्या अंगाचा रंग काठाच्या रंगाजवळचा निवडा. हिरव्या अंगावर लाल आठ इंची काठ आला की बुटक्या बाईची उंची तिथेच कापली जाते. पैठणी घेताना हेच पाहा. येवल्यात किंवा पैठणला पदराची नक्षी बघण्यात सगळे गुंगतात आणि काठ घरी आल्यावर मोजतात. उंच, सडपातळ बाईला रुंद काठ आणि आडवी चौकट शोभते. इरकल किंवा गोव्याची चौकडीची कुणबी साडी तिच्या अंगावर अगदी खुलते.

परकर हा बहुतेकांनी दुर्लक्षिलेला भाग. सीट भरीव असेल तर सहा कळ्यांचा, वर घट्ट आणि खाली उतरता परकर शिवा. चुन्यांचा परकर कमरेवर कापडाचे थर वाढवतो. नाडीची गाठ समोर नको, बाजूला घ्या, नाहीतर निऱ्यांखाली गोळा दिसतो. सॅटिनचा परकर गुळगुळीत असल्याने निऱ्या सटकतात. सुती धरून ठेवतो. अंगाला चिकटणारा फिशकट परकर जॉर्जेटखाली छान, पण त्यात पायऱ्या चढताना त्रास होतो हे लक्षात ठेवा.

नेसण्याआधी चपला घाला. अनवाणी नेसून नंतर उंच टाचा घातल्या की साडी घोट्यावर येते आणि पाय आखूड वाटतात. निऱ्या पाच-सहा इंच रुंद, पाच ते सात पुरेत. त्या बेंबीच्या जरा डावीकडे खोचा, सपाट करा आणि खोचलेल्या जागेच्या चार बोटं खाली आतून एक पिन लावा. पोट असेल तर सगळ्या निऱ्या एकाच जागी न कोंबता थोड्या पसरवून खोचा. पदर मागे गुडघ्याच्या जरा खाली यावा. छाती भरीव असेल तर खांद्यावर पदराच्या घड्या चार-पाच इंचांच्या करून लावा, आणि पदर छातीवरून ओढून ताणू नका. सडपातळ अंगाला एकेरी, मोकळा पदर चांगला.

नऊवारीत काष्टा जितका ताणून खोचाल तितका मांडीचा आकार दिसतो. जाड मांड्या असतील तर काष्टा सैल ठेवून निऱ्या जास्त घ्या. तयार शिवलेल्या नऊवारीत ही सोय नसते.

कुर्ता

दुकानाच्या फोटोतली मॉडेल बहुधा पाच फूट सात-आठ इंच उंच असते. तिच्या अंगावर पोटरीच्या मध्यावर थांबणारा ४६ इंची कुर्ता पाच फूट उंचीच्या बाईवर जमिनीपासून जेमतेम पाच इंचांवर येतो. तो लांब कुर्ता राहत नाही, आखूड झगा होतो. स्वतःचं खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप पाहा. पाच फुटांना ते साधारण ३५ इंच येईल, पाच फूट चारला ३६-३७. कड एक तर गुडघ्याच्या जरा वर, नाहीतर पोटरीचा जाड भाग संपल्यावर खाली. नेमकी पोटरीच्या जाडीवर नको. पाय आखूड असतील तर गुडघ्याइतका कुर्ता आणि त्याच रंगाची सरळ पँट घाला, म्हणजे रंगाची रेषा कुठे तुटत नाही.

मध्यभाग भरीव असेल तर शिवण छातीच्या लगेच खाली, आणि तिथून मोजक्या चुन्या घेऊन सुटणारं रेयॉन किंवा क्रेप. कमरेवर पट्टा नको आणि पाठीमागे बांधायच्या दोऱ्याही नकोत. त्या ओढल्या की पुढचं कापड पोटावर ताणलं जातं. छातीखालची शिवण छातीवरच चढत असेल तर तो कुर्ता परत करा, ते दुरुस्त होत नाही. कमनीय बांध्याला सरळ, पेटीसारखा कुर्ता अन्याय करतो. बाजूंनी आत घ्या. सरळ बांध्याला कळीदार, अनारकली, जॅकेट, दुहेरी थर काहीही चालतं.

सीट भरीव असेल तर ए-लाइन कुर्ता आणि चुडीदार, किंवा चौदा-पंधरा इंच मोहरीची (पायाशी घेर असलेली) सरळ पँट. पलाझोवर कुर्ता आखूड ठेवा. दोन्ही रुंद आणि दोन्ही लांब झालं की माणूस कापडात हरवतो. ओढणी एका खांद्यावरून लांब सोडली की उभी रेषा मिळते. दोन्ही खांद्यांवर जाड घड्या म्हणजे छातीवर आणखी दोन थर.

नक्षी आणि रेघा

आडव्या रेघा जाड दाखवतात असं ठामपणे सांगितलं जातं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. २०११ मध्ये यॉर्क विद्यापीठाच्या पीटर थॉम्पसन आणि किरियाकी मिकेलिडू यांनी माणसाच्या चित्रांवर हेच तपासलं, आणि आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो या समजाला त्यांना आधार मिळाला नाही. तेव्हा बारीक आडव्या रेघांना घाबरू नका. सांभाळायची ती एकच जाड, ठळक पट्टी, आणि ती कुठे पडते हे. फुलं-बुट्टे साधारण आपल्या मुठीहून मोठे नकोत, लहान चणीला तर निम्मे पुरे. चकाकणारं सॅटिन भरीव भागावर नको, कारण उजेड तिथेच पडतो. काळा रंग सुरकुत्या लपवतो हे खरं, पण कापड ताठ असेल तर काळ्यातही फुगा फुगाच दिसतो.

शिंप्याकडे आणि ट्रायल रूममध्ये

सुती कापड आणि अस्तर दोन्ही आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगे धरतं. नीट बसणारा एक जुना ब्लाउज नमुन्याला द्या आणि त्यात काय बदलायचं ते चिठ्ठीवर लिहून पिन करा: ‘पुढची उंची एक इंच वाढवा, बाही साडेदहा, मुंढा वर’. तोंडी सांगितलेलं सणाच्या गर्दीत विसरलं जातं. बाजूंच्या शिवणीत प्रत्येकी इंचभर माया सोडायला सांगा. भारी कापड असेल तर कच्ची शिलाई घालून एकदा अंगावर पाहा. हुक लावण्याआधीची ही पंधरा मिनिटं पुढची सगळी उसवाउसव वाचवतात.

घालून झाल्यावर चार गोष्टी करा. दोन्ही हात वर न्या, खुर्चीवर बसा, खाली वाकून चप्पल उचला आणि दोन मिनिटं चालून या. बसल्यावर हुकांमध्ये फटी पडल्या तर ब्लाउज घट्ट आहे, उभ्याने कितीही छान दिसो. मग कुणालातरी फोटो काढायला सांगा, पण फोन चेहऱ्याच्या नव्हे, कमरेच्या उंचीवर धरून आणि आठ-दहा फुटांवरून. वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड येतात आणि तुम्ही विनाकारण कुर्त्याला दोष देता. समोरून एक, बाजूने एक आणि पाठमोरा एक. पाठमोऱ्या फोटोत खांद्याची शिवण, दोरीची ओढ आणि सीटवरचा ताण तिन्ही एकदम दिसतात.